कामाला वाघ, घोड्यांचा जाणकार: एका शायेन मृत्युलेखामागचा इतिहास

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या आग्नेय भागात लेम डिअर नावाचं गाव आहे. उत्तरी शायेन जमातीच्या राखीव क्षेत्राचं हे मुख्य ठाणं. या भागात एखादा वयस्क घोडेवाला वारला की त्याच्यावर जे चार शब्द लिहिले जातात, त्यांचा साचा ठरलेला असतो. तो कुठल्या ओढ्याकाठी वाढला, घोड्यावर त्याला पहिल्यांदा कुणी बसवलं, तरुणपणी रोडिओत, म्हणजे उधळ्या जनावरांवर बसण्याच्या स्पर्धांत, किती वेळा हाडं मोडून घेतली, उन्हाळ्यात वणवे विझवायला कुठे कुठे गेला, गुरं किती वर्षं राखली. मग मुलं, नातवंडं, पुतणे, भाचे, मानलेले भाऊ अशी संपता न संपणारी यादी. कष्टाळू होता, घोड्यांचा जाणकार होता, घरच्यांसाठी जीव टाकणारा होता.

अशी विशेषणं आपल्याकडच्या श्रद्धांजल्यांतही पैशाला पासरी असतात आणि वाचणारा ती वाचून पान उलटतो. शायेन माणसाच्या बाबतीत मात्र जरा थांबावं लागतं. कारण गेल्या दीडशे वर्षांत या लोकांचे घोडे एकदा नव्हे, अनेकदा काढून घेतले गेले. गुरं राखून त्यांनी नाव काढलं, तर तो धंदा सरकारी हातांनीच बुडवला. आणि घरात कोण किती जणांनी राहायचं, पोरांनी कुठली भाषा बोलायची, हेही बाहेरचा अधिकारी सांगू लागला. तेव्हा हा साधासुधा दिसणारा संसार कशातून वर आला, ते पाहण्यासारखं आहे.

शायेन मुळात घोडेवाले नव्हतेच. सतराव्या शतकात ते आजच्या मिनेसोटाच्या भागात राहत होते. पुढे नॉर्थ डकोटातल्या, आज त्यांचंच नाव मिरवणाऱ्या शायेन नदीच्या काठी मातीची घरं बांधून त्यांनी मका पिकवला. ओझी वाहायला कुत्री होती. कुत्र्याच्या पाठीवर दोन वासे असे बांधायचे की त्यांची मागची टोकं जमिनीवर घासत जातील, आणि त्या वाशांवर सामान लादायचं. दांडगं कुत्रंही तीसेक किलोच्या वर ओढत नाही. त्यामुळे तंबू लहान आणि बिऱ्हाड आटोपशीर. स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे १६८०च्या, प्वेब्लो जमातींनी स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या उठावानंतर न्यू मेक्सिकोतून उत्तरेकडे पसरत गेले आणि अठराव्या शतकात शायेनांच्या हाती लागले. साउथ डकोटातला बेअर ब्यूट हा त्यांचा पवित्र डोंगर. तिथे ज्याला चार बाण आणि सारे कायदे मिळाले, त्या स्वीट मेडिसिन या पुरुषाने गोरी माणसं येतील आणि घोडाही येईल, असं आधीच सांगून ठेवलं होतं, अशी त्यांची परंपरा आहे.

घोडा आला आणि दोनतीन पिढ्यांत सगळा संसार पालटला. कुत्र्याच्या कितीतरी पट ओझं घोडा ओढू लागला, तशी तंबूची उंची वाढली. म्हातारी माणसं मागे पडेनाशी झाली. गव्यांच्या, म्हणजे अमेरिकी बायसनच्या, कळपामागे उन्हाळाभर हिंडता येऊ लागलं. पण माझ्या मते खरा बदल माणसामाणसांतल्या व्यवहारात झाला. लग्नाचंच पाहा. मुलाकडची वडीलधारी व्यक्ती घोडे घेऊन मुलीच्या घराशी जायची, ते दारापुढे बांधायची आणि बोलणं करून निघून यायची. मुलीकडच्यांत विचारविनिमय व्हायचा आणि त्यात भावाच्या शब्दाला मोठं वजन असायचं. होकार असला तर घोडे त्यांच्या कळपात जायचे आणि उलट भेटी यायच्या. नकार असला तर घोडे परत. कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणायची पाळी येत नसे.

आणि दुसरी गोष्ट दातृत्वाची. जमातीचा कारभार चव्वेचाळीस प्रमुखांची सभा पाहायची. प्रमुखाची पहिली कसोटी शौर्याची नव्हती, हात सैल आहे की नाही याची होती. ज्याच्याकडे घोडा नाही त्याला घोडा द्यायचा, विधवेच्या घरी मांस पोचवायचं, अपमान गिळायचा. पाच-पन्नास घोडे बाळगून कुणाला एक न देणारा माणूस श्रीमंत ठरला असता, मोठा ठरला नसता. आजच्या शायेन घरात कुणी गेलं की जे वाटप होतं त्याचं मूळ इथे आहे. त्याकडे नंतर येऊ.

घोड्यावर उभी असलेली जमात मोडायची तर आधी घोडा मोडायला हवा, हे अमेरिकी लष्कराच्या लवकरच ध्यानात आलं. १८६४च्या नोव्हेंबरात कोलोराडोत सँड क्रीकला कर्नल शिव्हिंग्टनच्या फौजेने ब्लॅक केटल या शायेन प्रमुखाच्या तळावर हल्ला करून दीडशेहून अधिक माणसं मारली. त्यांत बायका-मुलं जास्त. चार वर्षांनी, २७ नोव्हेंबर १८६८ला, वॉशिटा नदीकाठी कस्टर या लष्करी अधिकाऱ्याने त्याच ब्लॅक केटलचा तळ पहाटे गाठला. ब्लॅक केटल आणि त्याची बायको त्यात मारले गेले. नंतर कस्टरने पकडलेल्या घोड्यांतले काही कैद्यांना बसायला ठेवले आणि उरलेले आठशेच्या आसपास घोडे गोळ्या घालून मारायचा हुकूम दिला. शत्रूचे घोडे पळवण्याची रीत शायेनांनाही ठाऊक होती, किंबहुना त्यातच त्यांची फुशारकी असे. घोडे ठार मारणं हा प्रकार मात्र वेगळ्याच हिशोबातला होता.

ही हकीकत दक्षिणेकडच्या शायेनांची. उत्तरेकडच्यांची पाळी १८७६ला आली. त्या वर्षाचं नाव निघालं की सगळे २५ जूनच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईबद्दल बोलतात, कारण तिथे कस्टर पडला. शायेन मात्र त्याच्या आठ दिवस आधीची, १७ जूनची रोझबडची लढाई विसरत नाहीत. तिथे चीफ कम्स इन साइट याचा घोडा गोळी लागून कोसळला आणि तो उघड्यावर सापडला. त्याची बहीण बफेलो काफ रोड वुमन गोळीबारातून घोडा फेकत आली, भाऊ तिच्या मागे घोड्यावर चढला आणि दोघं निसटली. या लढाईचं शायेन नावच मुळी ‘बहिणीने भावाला वाचवलं ती लढाई’ असं आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ती रोझबड ओढ्याच्या नावाने ओळखली जाते.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कर्नल मकेंझीच्या फौजेने वायोमिंगमध्ये पावडर नदीच्या रेड फोर्क फाट्यावर मॉर्निंग स्टार या शायेन प्रमुखाचा तळ गाठला. हाच मॉर्निंग स्टार पुढे डल नाइफ या नावाने जास्त ओळखला गेला. पहाटेची वेळ, कडाक्याची थंडी, माणसं झोपेत. जो तो हाताला लागेल ते घेऊन डोंगरात पळाला. खाली फौजेने दोनशेच्या आसपास तंबू जाळले. हिवाळ्यासाठी सुकवलेलं मांस, गव्याची कातडी, खोगिरं, सणाचे पोशाख, सारं त्यात गेलं. सातशेच्या आसपास घोडे पकडून नेले. उरलेल्या मोजक्या घोड्यांनिशी शायेन बर्फातून चालत निघाले. पहिल्याच रात्री अकरा तान्ही मुलं गारठून गेली. जवळचे काही घोडे मारून, त्यांची पोटं फाडून, ऊब मिळावी म्हणून म्हाताऱ्यांचे हातपाय आत ठेवल्याच्या आठवणी वाचलेल्यांनी पुढे सांगून ठेवल्या आहेत. जिवापाड जपलेलं जनावर असं वापरावं लागलं. आणि त्या जनावरानेच त्या रात्री माणसं जगवली.

त्यानंतरचं वर्ष शरणागतीचं. १८७७च्या उन्हाळ्यात उत्तरी शायेनांतल्या नऊशेहून अधिक लोकांना आजच्या ओक्लाहोमात नेलं. उष्मा, हिवताप, अपुरा शिधा. ९ सप्टेंबर १८७८ला लिटल वुल्फ आणि मॉर्निंग स्टार हे प्रमुख तीनशेवर माणसं घेऊन तिथून निघाले. त्यांत लढण्याजोगे पुरुष शंभरही नव्हते. वाटेत कॅन्ससच्या कुरणांतून घोडे उचलत, लष्कराला चुकवत ते नेब्रास्कात पोचले आणि तिथे त्यांची दोन गटांत फाटाफूट झाली. मॉर्निंग स्टारचा गट पकडला जाऊन फोर्ट रॉबिन्सनला कोंडला गेला. परत दक्षिणेला जाणार नाही म्हटल्यावर अन्न बंद, सरपण बंद, शेवटी पाणीही बंद. ९ जानेवारी १८७९च्या रात्री ते खिडक्यांतून बाहेर पडले आणि बर्फात टिपले गेले. साठाहून अधिक मेले. लिटल वुल्फचा गट मात्र मोंटानात पोचला. त्यांतले पुरुष फोर्ट कीओला सैन्याचे वाटाडे म्हणून नोकरीला लागले. काल ज्या फौजेने घोडे नेले, तिच्याच पगारावर आज घोड्यावर बसायचं! २६ नोव्हेंबर १८८४ला राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी टंग नदीच्या पश्चिमेला राखीव क्षेत्र जाहीर केलं आणि १९००मध्ये ते थेट नदीपर्यंत वाढवलं गेलं. सुमारे साडेचार लाख एकर. पाइनच्या झाडीचे डोंगर, लाल मातीचे चढउतार, चांगलं गवत. नांगराला ही जमीन फारशी दाद देत नाही, चराईला उत्तम.

हे सरकारच्या लक्षात यायला वीस वर्षं लागली. १९०३मध्ये जमातीला हजारेक कालवडी आणि चाळीस वळू मिळाले आणि कुटुंबांत वाटले गेले. पुढे जे झालं त्याची बातमी फार कमी जणांना असते. दहा वर्षांत कळप सुमारे बारा हजारांवर गेला. कुटुंबं ओढ्याओढ्याने गुरं राखत होती. वासरं फासा टाकून धरायची, मालकीची खूण म्हणून तापल्या लोखंडाने डाग द्यायचा, हिवाळ्याचं गवत कापून रचायचं, हे सगळं घोड्यावरून चालायचं काम. त्या कामासाठी घोडा चांगला फेरलेला असावा लागतो, आणि चाबुकस्वारी शायेनांच्या अंगातच होती. दोन पिढ्यांपूर्वी गव्याच्या कुशीला घोडा भिडवणाऱ्यांना वासराच्या मागे घोडा घालणं काय अवघड? ‘आळशी इंडियन’ (म्हणजे अमेरिकेतला आदिवासी) ही त्या काळच्या अहवालांतली लाडकी समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

मग अधिकाऱ्यांना व्यवस्था सुधारायची हुक्की आली. १९१०च्या दशकात कुटुंबांची गुरं एकत्र करून जमातीचा एकच सरकारी कळप केला आणि देखरेखीला बाहेरचे गोरे गुराखी नेमले. घरच्या गुरांकडे पाहणारी घरची नजर गेली. त्यातच दुष्काळ आला आणि पाठोपाठ १९१९-२०चा जीवघेणा हिवाळा. गुरं गवतावाचून मेली, कळप पार खालावला आणि अहवालात दोष हवामानाच्या माथी गेला.

घोड्यांचं काय झालं ते तर अंगावर येतं. राखीव क्षेत्रावर घोडे फार झालेत, गुरांचं गवत खातात, निकामी आहेत, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. एका परीने गवताचा हिशोब खोटा नव्हता. पण तो करताना घोडा म्हणजे नुसतं गवत खाणारं तोंड, एवढंच त्यांना दिसलं. १९२०च्या दशकात मोंटानाच्या राखीव क्षेत्रांवरून हजारो घोडे हाकून कवडीमोलाने विकले गेले. शेजारच्या क्रो जमातीचे तर मोठ्या संख्येने गोळ्या घालून मारले. मोंटानाच्या कुरणांवरचे कितीतरी घोडे त्या काळात आगगाडीने इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या कारखान्यात गेले. तिथे त्यांच्यापासून कुत्र्यांसाठी डबाबंद खाणं बनायचं. ज्या घोड्याने एकेकाळी कुत्र्याच्या पाठीवरचं ओझं उतरवलं, त्याचा शेवट असा झाला. यावर जास्त काही बोलायची गरज नाही.

‘कुटुंबवत्सल’ या शब्दालाही असाच पूर्वेतिहास आहे. वुडन लेग नावाचा शायेन १८५८ला जन्मला आणि १९४०ला गेला. अठराव्या वर्षी तो लिटल बिगहॉर्नला लढला, दक्षिणेत काही वर्षं काढली, परत आल्यावर फौजेत वाटाड्या झाला आणि उतारवयात जमातीच्या न्यायालयात न्यायाधीश. एका पुरुषाने एकच बायको ठेवावी असा हुकूम आला तेव्हा तो लोकांना ऐकवायचं काम याच्याकडे आलं. याच्या स्वतःच्या दोन बायका. मग आधी आपल्या घरातल्या एकीला निरोप द्यावा लागला, त्यानंतर इतरांना सांगत फिरावं लागलं. ते सांगताना काळजाला किती पीळ पडला, हे त्याने म्हातारपणी लिहवून घेतलेल्या आठवणींत आहे. मुलांसाठी १९०४पासून बझ्बीला सरकारी वसतिशाळा होती, अ‍ॅशलंडला १८८४पासून मिशनची शाळा होती. इंग्रजी सक्तीची, घर लांब. इतकंच काय, १८८३च्या सरकारी नियमांत मृताच्या दुखवट्यात वस्तू वाटणं हाही गुन्हा धरला होता. बंदी कागदावर कडक होती. वाटप गुपचूप चालू राहिलं. १९३४च्या सुमारास वॉशिंग्टनचं धोरण पालटलं तेव्हा ते पुन्हा उजेडात आलं.

जमीन टिकली हे या जमातीचं नशीब आणि हट्ट दोन्ही. इतर राखीव क्षेत्रांत १८८७च्या कायद्याने जमिनीचे वैयक्तिक तुकडे पडून त्या बाहेरच्यांच्या घशात गेल्या. शायेनांची वाटणी १९२६चा कायदा होईपर्यंत लांबली, त्यामुळे विक्रीची लाट उशिरा आली. १९५०च्या दशकात तुकडे लिलावाला जाऊ लागले, तेव्हा जॉन वुडनलेग्ज या जमातप्रमुखाने ते जमातीसाठी परत विकत घ्यायची मोहीम चालवली. आम्ही शायेन आपसांत शायेन बोलतो अशी जगात हीच एक जागा आहे, असं तो सांगत असे. पुढे १९६६ ते १९७१मध्ये निम्म्याहून अधिक राखीव क्षेत्र कोळसा कंपन्यांना खाणपट्ट्याने देण्यात आलं. १९७३ला जमातीने पट्टे रद्द करायची मागणी केली आणि १९८०ला संसदेने ते रद्द केले. आज तिथे गुरं चरतात. उत्तरेला वीसेक मैलांवरच्या कोलस्ट्रिपला मात्र मोठी खाण आणि वीजकेंद्र आहे, आणि तिथल्या पाळ्यांत काम करणारे शायेनही आहेत. हा पेच कुणी नाकारत नाही.

कारण गुरांवर एकट्यावर भागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला शायेन घोडेवाला एका वेळी चार कामं करणारा होता. वसंतात वासरांना डाग, उन्हाळ्यात वणवे विझवणाऱ्या तुकडीत नाव, पावसाळी दिवशी कुंपण, शरद ऋतूत गुरं डोंगरातून खाली, हिवाळ्यात रोज गवताच्या गासड्या. वणव्याची नोकरी लांबच्या राज्यांत घेऊन जाते, आणि कधी वणवाच दारात येतो. ऑगस्ट २०२१च्या रिचर्ड स्प्रिंग वणव्यात लेम डिअर गाव रिकामं करावं लागलं होतं आणि दीड लाखाहून अधिक एकर जळालं.

उरलेला वेळ घोड्यांचा. मे महिन्यात माइल्स सिटीला उधळ्या घोड्यांचा बाजार भरतो, ऑगस्टमध्ये क्रो एजन्सीची जत्रा, मध्ये जिकडे तिकडे रोडिओ. गोऱ्यांच्या रोडिओत डावललं जातं म्हणून आदिवासी स्वारांनी आपल्या संघटना काढल्या आणि १९७६पासून त्यांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धाही होते. पण बघायची ती रिले शर्यत. एका संघाचे तीन घोडे, चार माणसं. स्वार बिनखोगिराने एक फेरी मारतो आणि पळत्या घोड्यावरून उडी टाकतो. सुटलेला घोडा एकजण अंगावर घेऊन पकडतो, दुसरा पुढचा घोडा धरून उभा असतो, तिसरा शेवटच्या घोड्याला थोपवतो. स्वार दोन-तीन ढांगांत नव्या घोड्याच्या पाठीवर. घोडा जरा बिचकला की शर्यत गेली. चारही माणसं बहुधा एका घरातली असतात: भाऊ, पुतण्या, जावई, आणि घोडे तयार करणारा म्हातारा कठड्याबाहेर उभा. पट्टीचा स्वार कोण हे प्रेक्षक पाहतात. जाणकार पाहतात ते उभा असलेला घोडा शांत किती आहे, कारण ती त्या म्हाताऱ्याची कमाई असते.

असा माणूस जातो तेव्हा रात्रभर जागरण असतं, गाणी, प्रार्थना, आलेल्या प्रत्येकाला जेवण. पूर्वी मृताचा लाडका घोडा थडग्यापाशी मारत. आता कित्येकदा रिकाम्या खोगिराचा घोडा अंत्ययात्रेत पुढे चालतो. नंतर वाटप. गोधड्या, कांबळी, खोगीर, कधी प्रत्यक्ष घोडा. ज्यांनी खड्डा खणला, स्वयंपाक केला, दुरून आले, त्यांची नावं पुकारून हातात दिलं जातं. अनेक घरं वर्षभर जमवाजमव करून वर्षश्राद्धासारखं पुन्हा मोठं जेवण आणि वाटप करतात. गरीब घर असूनही इतकं का वाटतात, असं बाहेरच्याला वाटतं. चव्वेचाळीस प्रमुखांची कसोटी आठवली तर ते कोडं राहत नाही.

वाटता येत नाही ती जमीन. १९२६च्या कायद्याने ज्या आजोबा-पणजोबांच्या नावे १६० एकर लागले, त्यांचे वारस आता डझनावारी आहेत, आणि एकेका तुकड्यावर प्रत्येकाचा अपूर्णांकातला हिस्सा. वारसाचा निकाल केंद्र सरकारच्या, आदिवासींच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या अंतर्गत खात्यात लागतो आणि त्याला वर्षं जातात. तोवर चराईचा पट्टा कोण चालवणार, हे घरात बसून ठरवावं लागतं. डागाचं त्या मानाने सोपं. मोंटानात गुरांचा डाग राज्याकडे नोंदलेला असतो, दर दहा वर्षांनी त्याची नोंदणी नव्याने करावी लागते आणि तो एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढवता येतो. घरातलं कोण गुरं पुढे राखणार हे एकदा ठरलं की अर्ज भरायचा, आणि येत्या वसंतातली वासरं त्याच डागाने डागली जातात.